खरबुजाला अढी नसते : योग्य पक्वतेची ओळख, काढणी, साठवण आणि आहारातील वापर

आंबा तयार झाल्यावर हिरवाच उतरवून अढीत घातला, तर आठ-दहा दिवसांत पिकून गोड होतो. केळीचा हिरवा घड रायपनिंग चेंबरमध्ये ठेवला की पिवळा आणि गोड होऊन बाहेर येतो. खरबुजाचे तसे नाही. वेलीवरून तोडलेले खरबूज पुढे मऊ होते, त्याची साल पिवळसर पडते, वासही सुटतो. पण गोडी तोडणीच्या वेळी जेवढी होती, त्यापेक्षा वाढत नाही. अपक्व तोडलेले फळ चार दिवस ठेवले तर ते मऊ आणि फिके होते, गोड होत नाही.

खरबुजाची काढणी, बाजारातील दर, साठवण आणि खाणाऱ्याचे समाधान या सगळ्याचा पाया हीच एक गोष्ट आहे. लागवड, मल्चिंग, ठिबक आणि विद्राव्य खतांवर खर्च करून वाढवलेले पीक शेवटच्या पाच-सहा दिवसांच्या घाईने फिके निघते. ग्राहकाने एकदा फिके खरबूज घरी नेले की तो पुढचे पंधरा दिवस कलिंगडाकडे वळतो. त्याचा फटका ज्यांनी फळ नीट पिकवून तोडले त्यांनाही बसतो. म्हणून शेतकरी आणि विस्तार कार्यकर्ते यांनी खरबुजाची पक्वता नेमकी समजून घेणे गरजेचे आहे.

गोडी येते कोठून?

आंबा आणि केळी या फळांत पिकण्याआधी स्टार्चचा साठा असतो. फळ तोडल्यावर या स्टार्चचे साखरेत रूपांतर होते, म्हणून ती फळे घरात ठेवूनही गोड होतात. खरबुजाच्या गरात असा स्टार्चचा साठा नसतो. पाने जी साखर तयार करतात ती देठातून फळात येते आणि तेथे सुक्रोजच्या रूपात साठते. देठ तुटला की पुरवठा बंद होतो.

ही साठवण फळाच्या वाढीबरोबर सारख्या वेगाने होत नाही. फळ लहान असताना आलेली साखर फळाच्या वाढीसाठीच खर्च होते, कारण त्या काळात सुक्रोजचे विघटन करणारी विकरे फळात जोमात असतात. फळाचा आकार जवळपास पूर्ण झाल्यावर ही विकरे मंदावतात आणि सुक्रोज साठायला लागते. हा काळ म्हणजे पक्वतेपूर्वीचे साधारण शेवटचे दहा ते पंधरा दिवस.

यातच खरी मेख आहे. फळाचे वजन आधी पूर्ण होते आणि गोडी नंतर भरते. त्यामुळे पाच-सहा दिवस लवकर तोडलेले फळ काट्यावर फारसे कमी भरत नाही. तोडणाऱ्याला नुकसान दिसत नाही, ते फळ कापणाऱ्याला दिसते.

खरबूज पक्व होताना त्यात इथिलीन वायू मोठ्या प्रमाणावर तयार होतो. सालीचा रंग बदलणे, गर मऊ होणे, सुगंध सुटणे आणि देठाच्या बुडाशी फळ सुटायला लागणे हे त्याचे परिणाम आहेत. बाहेरून इथिलीन दिले तर रंग, मऊपणा आणि वास येईल, पण साखर येणार नाही. कॅल्शियम कार्बाइडचा वापर तर २०११ च्या अन्न सुरक्षा नियमांनुसार फळे पिकवण्यासाठी बंद आहे. खरबुजाच्या बाबतीत तो बेकायदा आणि निरुपयोगी अशा दोन्ही कारणांनी टाळावा.

दिवस मोजू नका, फळ पाहा

आपल्याकडे खरबुजाची बरीच लागवड रमजानचा बाजार डोळ्यांसमोर ठेवून होते. रमजानचा महिना दरवर्षी साधारण १० ते ११ दिवस अलीकडे सरकतो, म्हणून लागवडही हळूहळू थंडीकडे सरकते. थंडीत वाढलेल्या पिकाला मार्च-एप्रिलच्या पिकापेक्षा जास्त दिवस लागतात. ‘गेल्या वर्षी इतक्या दिवसांत तोडले होते’ हा हिशोब अशा वेळी फसतो आणि सणाचा शेवटचा आठवडा साधण्यासाठी फिके फळ बाजारात जाते.

परागीभवनानंतर फळ तयार व्हायला जात आणि तापमान यांनुसार साधारण ३० ते ४५ दिवस लागतात. हा आकडा फक्त पाहणी कधी सुरू करायची हे ठरवण्यासाठी वापरावा. तोडणी खालील खुणांवरून करावी.

• देठ : जाळीदार जातींत ही सर्वांत खात्रीची खूण आहे. फळ पक्व होऊ लागले की देठ जेथे फळाला मिळतो तेथे बारीक गोल भेग दिसू लागते. भेग अर्ध्या घेराला गेली की त्याला हाफ स्लिप म्हणतात. भेग पूर्ण फिरली आणि हलक्या हाताने उचलताच फळ देठापासून सुटले, की ती फुल स्लिप अवस्था होय. सुटलेल्या जागी स्वच्छ, गुळगुळीत वाटीसारखा खळगा राहतो.

• जाळी : जाळी उठावदार, खरखरीत आणि बुचासारखी झालेली असावी. सपाट, पुसट जाळी म्हणजे फळाला अजून वेळ आहे.

• जाळीखालचा रंग : जाळीच्या रेषांमधील सालीचा गर्द हिरवा रंग जाऊन तेथे पिवळसर, मळकट पांढरा किंवा गव्हाळ रंग येतो. जाळी पाहताना तिच्या मधली जागाही पाहावी.

• फुलाकडील टोक : देठाच्या विरुद्ध बाजूला अंगठ्याने हलके दाबल्यास किंचित लवचीकपणा जाणवतो. तेथेच नाक नेल्यास गोड वास येतो.

• शेजारचे पान : ज्या जातींचा देठ सहज सुटत नाही, त्यांत फळालगतचे पान पिवळे पडू लागणे ही उपयुक्त खूण आहे. मात्र ते पान रोगाने किंवा नागअळीने पिवळे पडले नाही ना, हे आधी तपासावे.

सर्व जाती सारख्या वागत नाहीत. ‘हरा मधु’ या हिरव्या गराच्या जातीत देठ सुटण्याची वाट न पाहता साल पिवळी झाल्यावर काढणी करतात. जास्त टिकवणक्षमतेच्या काही संकरित जातींत देठ घट्टच राहतो. गुळगुळीत सालीच्या हनीड्यू प्रकारातही देठ सुटत नाही. बियाणे घेतानाच ‘या जातीत पक्वतेची खूण कोणती?’ हे विक्रेत्याला विचारून लिहून ठेवावे.

टिचकी मारून आवाज ऐकण्याची पद्धत कलिंगडाची आहे. खरबुजात गराच्या मध्ये बियांची पोकळी असल्याने या आवाजावर भरवसा ठेवता येत नाही.

रिफ्रॅक्टोमीटर : छोटे उपकरण, मोठा उपयोग

हाताच्या रिफ्रॅक्टोमीटरने रसातील विद्राव्य घन पदार्थ (टीएसएस) अंश ब्रिक्समध्ये मोजता येतात. एका शेतकरी गटाने मिळून एक उपकरण घेतले तरी पुरते. अमेरिकेच्या प्रतवारी मानकांत ९ टक्के विद्राव्य घटकांना ‘चांगली’ आणि ११ टक्क्यांना ‘अतिशय चांगली’ अंतर्गत प्रत मानले जाते. आपल्याकडचा ग्राहक गोडीला जास्त मान देतो, म्हणून शक्यतो ११ ते १२ च्या पुढे गेल्यावरच तोडणी सुरू करावी.

मोजताना पुढील काळजी घ्यावी :

१. आधी स्वच्छ (शक्यतो डिस्टिल्ड) पाण्याचा थेंब टाकून वाचन शून्यावर आहे का ते पाहावे.

२. प्लॉटच्या वेगवेगळ्या भागांतून, एकसारख्या दिसणारी चार-पाच फळे घ्यावीत. एका फळावरून निर्णय घेऊ नये.

३. फळाच्या मध्यभागातून सालीपासून बियांच्या पोकळीपर्यंत संपूर्ण जाडीची फोड काढून तिचा रस घ्यावा. पोकळीजवळचा आणि फुलाकडील गर जास्त गोड असतो, सालीलगतचा कमी. फक्त आतल्या गराचा रस घेतला तर आकडा फुगतो.

४. जात, तारीख, देठाची अवस्था आणि ब्रिक्स यांची नोंद ठेवावी. दोन हंगामांत आपल्या शेतासाठी कोणती बाह्य खूण किती गोडी दाखवते, हे स्पष्ट होते.

काढणीपूर्वीचे पंधरा दिवस

या दिवसांत साखर येते ती पानांतून, म्हणून पाने जपणे हे पहिले काम. भुरी, केवडा किंवा नागअळीने वेल याच वेळी करपली तर फळ आकाराने पूर्ण दिसते, पण फिके राहते. पाने गेलेल्या वेलीवर फळ आणखी आठवडाभर ठेवूनही गोडी भरत नाही. उलट सावली गेल्याने फळांना उन्हाचे चट्टे पडतात. म्हणून रोग-किडींचे नियंत्रण फळ भरू लागण्याआधीच आटोक्यात आणावे. या टप्प्यात कोणतीही फवारणी करण्यापूर्वी लेबलवरील काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी तपासावा आणि तो पाळता येत नसेल तर ते औषध वापरू नये.

दुसरे काम पाण्याचे. काढणीच्या साधारण आठवडाभर आधीपासून पाणी हळूहळू कमी करावे. जास्त पाण्याने गोडी पातळ होते आणि फळे तडकतात. मात्र पाणी एकदम बंद करू नये. वेल दुपारी सुकून संध्याकाळी सावरत नसेल, तर पाने काम करत नाहीत असे समजावे. हलक्या जमिनीत थोडे-थोडे पाणी चालू ठेवावे, भारी जमिनीत जास्त कपात चालते. ताण दिल्यानंतर एकदम भरपूर पाणी देणे ही फळे तडकण्याची हमखास वाट आहे.

तिसरे, फळांचा भार. वेलीच्या ताकदीपेक्षा जास्त फळे असतील तर साखर सगळ्यांत वाटली जाते. वेडीवाकडी, फळमाशीने डंख मारलेली फळे लहान असतानाच काढून शेताबाहेर नष्ट करावीत. अशी फळे बांधावर टाकल्यास त्यातील अळ्या मातीत कोषात जातात आणि पुढची माशी आपल्याच शेतात तयार होते.

काढणी : बाजार किती लांब आहे?

• स्थानिक बाजार, रस्त्याकडेची विक्री, थेट ग्राहक : फुल स्लिप अवस्थेत तोडावे. गोडी आणि वास पूर्ण असतो, पण फळ दोन-तीन दिवसांत संपले पाहिजे.

• एक दिवसाच्या वाहतुकीवरील मोठी बाजारपेठ : तीन-चतुर्थांश देठ सुटल्यावर तोडावे.

• लांबचा बाजार : हाफ स्लिप ही अलीकडची मर्यादा धरावी, तीही ब्रिक्स तपासून. याआधी तोडलेले फळ पोहोचते टणक, पण विकले जाते एकदाच.

एका वेलीवरील फळे एकदम पक्व होत नाहीत. त्यामुळे दोन ते तीन दिवसांच्या अंतराने तोडे करावे लागतात. ऊन वाढले की अंतर आणखी कमी करून रोज फेरी मारावी. व्यापारी जागेवर सौदा करताना सरसकट एकाच तोड्यात प्लॉट मोकळा करायला सांगतो. त्याची गाडी भरते, आपली मजुरी वाचते, पण त्या गाडीत पक्व, अर्धपक्व आणि कच्ची फळे एकत्र जातात. सौदा करतानाच किमान दोन तोडे आणि पक्वतेची खूण ठरवून घ्यावी. ज्या गावात पाच-सात शेतकऱ्यांची लागवड आहे तेथे गाडी मिळून भरता येते, त्यामुळे प्रत्येकाला फक्त तयार फळे तोडणे शक्य होते.

तोडणी पहाटे किंवा सकाळी लवकर करावी. न सुटणाऱ्या जातींत फळ ओढू नये, धारदार आणि स्वच्छ कात्रीने थोडा देठ ठेवून कापावे. ओढल्याने देठाजवळ जखम होते आणि कुजीची सुरुवात तेथूनच होते. फळे फेकून झेलणे, गोणीत भरणे, ट्रॉलीत रचून वर बसणे हे टाळावे. बाहेर डाग दिसत नसला तरी आतला गर पाणचट होतो.

काढणीनंतर : आधी उष्णता काढा

दुपारी तोडलेल्या फळाचा गर तापलेला असतो. अशा फळाचा श्वसनाचा वेग जास्त असतो आणि श्वसनात खर्च होते ती साठलेली साखरच. तोडलेली फळे लगेच सावलीत आणावीत. झाडाची सावली सरकते, म्हणून शेडनेट किंवा पत्र्याखाली हवा खेळती राहील अशी जागा करावी. प्लास्टिक क्रेटमध्ये तळाला कागद किंवा स्वच्छ कोरडा पेंढा घालून फळे दोन ते तीन थरांपेक्षा जास्त रचू नयेत.

प्रतवारी करताना आकाराबरोबर पक्वताही वेगळी काढावी. पूर्ण पक्व आणि अर्धपक्व फळे एकाच क्रेटमध्ये भरल्यास पक्व फळांतील इथिलीनमुळे बाकीची फळेही लवकर मऊ होतात. याच कारणाने खरबुजाबरोबर काकडी किंवा पालेभाज्या एका बंद गाडीत भरू नयेत. पाने पिवळी पडतात आणि काकडी लवकर खराब होते.

शीतगृहाची सोय असल्यास जाळीदार खरबूज आधी पूर्वशीतकरण करून २ ते ५ अंश सेल्सिअस तापमान आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रतेत ठेवावे. चांगले, न दुखावलेले फळ अशा स्थितीत साधारण दोन आठवडे राहते. २ अंशांच्या खाली बरेच दिवस राहिल्यास सालीवर खोलगट डाग पडतात आणि चव बिघडते. हनीड्यू प्रकार थंडीला जास्त नाजूक आहेत, त्यांना ७ ते १० अंशांच्या आसपास ठेवावे.

शीतगृह नसेल तर विटांच्या दुहेरी भिंतीत वाळू भरून ती ओली ठेवण्याचा शून्य ऊर्जा शीतकक्ष उपयोगी पडतो. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेली ही पद्धत विदर्भ-मराठवाड्यासारख्या कोरड्या उन्हाळ्यात चांगली चालते, दमट किनारपट्टीत तिचा परिणाम कमी असतो. भिंतीतील वाळू ओली ठेवावी, फळे मात्र कोरडी राहिली पाहिजेत.

जाळीतली घाण : दुर्लक्ष नको

खरबूज जमिनीला टेकून वाढते आणि त्याची साल खरखरीत असते. जाळीच्या बारीक खाचांत माती, शेणखताचे कण आणि त्यांसोबत जिवाणू अडकतात. खरबुजाचा गर आंबट नसल्यामुळे, एकदा जिवाणू सुरीबरोबर आत गेले की ते वेगाने वाढू शकतात.

हा धोका कागदी नाही. २०११ मध्ये अमेरिकेतील कोलोराडो राज्यातील एका शेतातून विकल्या गेलेल्या खरबुजांमुळे लिस्टेरिया जिवाणूची साथ पसरली. २८ राज्यांत १४७ जण आजारी पडले आणि ३३ जणांचा मृत्यू झाला. तपासात दोष निघाले ते पॅकहाउसमधले. जमिनीवर साचलेले पाणी, नीट साफ न करता येणारी यंत्रे आणि फळांतील उष्णता न काढता त्यांना थेट शीतगृहात ठेवणे ही त्यांतील महत्त्वाची कारणे होती. गरम फळ थंड खोलीत गेले की सालीवर दव जमते, आणि लिस्टेरिया फ्रीजच्या थंडीतही वाढू शकतो.

आपल्याकडील छोट्या पॅकिंग शेडसाठी यातून घ्यायचे धडे साधे आहेत :

• लागवडीसाठी पूर्ण कुजलेलेच शेणखत वापरावे. मल्चिंग पेपरमुळे फळ मातीपासून वेगळे राहते, हा त्याचा आणखी एक फायदा.

• फळे धुवायची असतील तर पिण्यायोग्य, वाहते पाणी वापरावे. एकाच टाकीतील गढूळ पाण्यात शंभर क्रेट बुडवणे म्हणजे एका फळाची घाण सगळ्यांना लावणे होय. स्वच्छ पाणी नसेल तर फळे धुऊच नयेत, कोरड्या मऊ ब्रशने माती झाडावी.

• तापलेले फळ एकदम थंड पाण्यात बुडवू नये. आतली हवा आकसते आणि देठाच्या जखमेतून पाणी आत ओढले जाते.

• क्रेट, टेबल, वजनकाटा आणि ब्रश रोज धुऊन वाळवावेत. शेडमध्ये पाणी साचू देऊ नये. जनावरे आणि कोंबड्यांना आत येऊ देऊ नये. मजुरांसाठी हात धुण्याची सोय असावी.

ग्राहकाने खरबूज कसे निवडावे?

थेट विक्री करणाऱ्या शेतकऱ्याने ही माहिती स्टॉलवर लावली तरी चालेल. जाणता ग्राहक हाच चांगल्या फळाला दर देतो.

• आकाराच्या मानाने जड, उठावदार जाळीचे आणि जाळीखाली पिवळसर रंग असलेले फळ घ्यावे.

• देठाची जागा पाहावी. गुळगुळीत खळगा म्हणजे फळ वेलीवर पिकले. तुटका, ओढून काढलेला हिरवा देठ असेल तर फळ लवकर तोडले असण्याची शक्यता जास्त. घट्ट देठाच्या जातींना मात्र हा नियम लागू नाही.

• फुलाकडील टोकाला वास घ्यावा. वास नसेल तर फळ कच्चे किंवा खूप थंड केलेले असते. आंबूस वास म्हणजे फळ उतरले आहे.

• मऊ खड्डे, चीर, देठाजवळ बुरशी किंवा गळणारे पाणी असलेले फळ स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

घरी साठवण आणि कापणी

थोडे टणक फळ घरात सावलीत एक-दोन दिवस ठेवले तर गर मऊ होतो आणि सुगंध वाढतो. पूर्ण पक्व अखंड फळ फ्रीजमध्ये चार-पाच दिवस चांगले राहते. फळ धुऊन साठवू नये, ओलसर जाळीत बुरशी धरते. धुवायचे ते कापण्याच्या आधी.

कापण्यापूर्वी वाहत्या पाण्याखाली स्वच्छ ब्रशने साल घासावी आणि फळ कोरडे पुसावे. साबण लावू नये. हात, सुरी आणि पाट स्वच्छ असावेत. मांस-मासे कापलेली सुरी न धुता वापरू नये. कापलेले खरबूज झाकून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावे. तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासात. आपल्या उन्हाळ्यात हा एक तासच धरून चालावे. कापलेल्या फोडी शक्यतो दोन-तीन दिवसांत संपवाव्यात. रस्त्यावर उघड्यावर, बर्फाच्या पाण्यात ठेवलेल्या फोडी टाळाव्यात. गर्भवती, वृद्ध, लहान मुले आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी हे नियम कटाक्षाने पाळावेत.

आहारात खरबूज

खरबुजात सुमारे ९० टक्के पाणी असते. १०० ग्रॅम गरातून साधारण ३५ किलोकॅलरी आणि सुमारे ८ ग्रॅम साखर मिळते. उन्हात काम करून आल्यावर हे फळ पाणी आणि पोटॅशियम दोन्ही देते. केशरी गराच्या फळात १०० ग्रॅममागे सुमारे २ मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन असते. शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व तयार करते, जे डोळ्यांसाठी आणि त्वचेसाठी आवश्यक आहे. हिरव्या किंवा पांढऱ्या गराच्या जाती गोड असल्या तरी त्यांत बीटा-कॅरोटीन बरेच कमी असते. क जीवनसत्त्वही मिळते, त्याचे प्रमाण जात आणि ताजेपणा यांनुसार बदलते.

मधुमेह असलेल्यांनी खरबूज पूर्ण वर्ज्य करण्याची गरज नसते, पण प्रमाण महत्त्वाचे. दीडशे ग्रॅमच्या वाटीत सुमारे १२ ग्रॅम साखर जाते. फोडी खाव्यात, साखर घातलेले सरबत किंवा मिल्कशेक टाळावा आणि प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. मूत्रपिंडाच्या विकारात पोटॅशियमवर बंधन असते, त्यांनीही आधी विचारावे. खरबूज खाल्ल्यावर तोंडाला किंवा घशाला खाज येत असेल तर ते खाऊ नये.

फार गार फळाचा वास आणि गोडी कमी जाणवते, म्हणून खाण्याच्या दहा-पंधरा मिनिटे आधी फ्रीजबाहेर काढावे. चिमूटभर मीठ, मिरपूड आणि लिंबू पिळले की साध्या फोडींनाही रंगत येते. बिया फेकू नयेत. धुऊन, वाळवून, सोलल्यावर मिळणारा मगज थंडाईत, मिठाईत आणि भाजीच्या वाटणात वापरतात. संकरित फळाचे बी मात्र पुन्हा पेरणीसाठी ठेवू नये, त्यातून सारखी झाडे मिळत नाहीत.

कोकण-गोव्यात पावसाळ्यात येणारा चिबूडही खरबुजाच्याच, म्हणजे कुकुमिस मेलो या प्रजातीतील. तो फारसा गोड नसतो, म्हणून गूळ किंवा नारळाच्या रसाबरोबर खाल्ला जातो. गोडी वरून घालण्याची सोय तेथे पानातच आहे. जाळीदार खरबुजाकडून मात्र ग्राहक गोडीचीच अपेक्षा ठेवतो.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

हंगामाच्या सुरुवातीला खत व्यवस्थापनाच्या बैठका होतातच. त्याबरोबर काढणीच्या आठ दिवस आधी एका शेतात तासाभराचे प्रात्यक्षिक घ्यावे. देठ न सुटलेले, अर्धा सुटलेले आणि पूर्ण सुटलेले अशी तीन फळे सर्वांसमोर कापावीत, ब्रिक्स मोजावे आणि प्रत्येकाला फोड चाखायला द्यावी. शक्य झाल्यास स्थानिक व्यापाऱ्यालाही बोलवावे. शेतकरी आणि खरेदीदार यांनी एकच फळ चाखून खूण ठरवली, की काढणीच्या दिवशी बांधावरचा वाद कमी होतो.